मुंबई ते न्यूयॉर्क विमानप्रवास: अंतर, वेळ आणि घड्याळाचा हिशेब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुलाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेले आई-वडील आणि त्यांची तिकिटं काढणारी मुलं, दोघांकडूनही मला वर्षभर हेच प्रश्न येत राहतात. मी न्यू जर्सीत राहते. माझ्या स्वतःच्या आईला, सासू-सासऱ्यांना आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना या प्रवासाला लावून दिलं आहे, आणि तेवढ्याच वेळा विमानतळावर घ्यायला गेले आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. विमानांची वेळापत्रकं हंगामागणिक बदलतात, म्हणून इथे दिलेले तास अंदाजे समजावेत. तुमच्या दिवसाची वेळ तिकिटावरची.

१. मुंबईहून न्यूयॉर्क विमानाने किती किलोमीटर आहे?

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके हे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. हे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचं कमीत कमी अंतर झालं. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे एका उड्डाणात जवळजवळ तृतीयांश प्रदक्षिणा होते. प्रत्यक्ष विमान याहून जास्तच उडतं. कधी दोन-तीनशे किलोमीटर, कधी हजाराच्या वर. त्याचं मुख्य कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

२. एका ठिकाणी ७,८०० लिहिलंय, दुसरीकडे ६,७७५ आणि तुम्ही १२,५५० म्हणता. खरं कोणतं?

तिन्ही खरे आहेत, फक्त मापं वेगळी आहेत. अमेरिकेत रस्त्यावर वापरतात तो मैल १.६०९ किलोमीटरचा, त्या मापाने ७,८०० होतात. वैमानिक आणि जहाजवाले सागरी मैल वापरतात, तो १.८५२ किलोमीटरचा, त्याने ६,७७५ च्या आसपास येतात. शिवाय पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांशी किंचित चपटी आहे. काही गणितं तिला चेंडू धरतात, काही चपटेपणा हिशेबात घेतात, त्यामुळे वीस-तीस किलोमीटर इकडेतिकडे होतात. तेवढ्या फरकाने तुमच्या प्रवासात काहीही बदलत नाही.

३. मग वेळ किती लागतो?

मधे कुठेही न उतरणारं विमान असेल तर मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना साधारण साडेपंधरा ते साडेसोळा तास, आणि येताना चौदाच्या आसपास. मधे एका ठिकाणी विमान बदलायचं असेल तर एकूण २० ते २६ तास धरा. दोन ठिकाणी बदलायचं असेल तर तीस तासांच्या वरही जातं. वयस्कर माणसांना, स्वस्त पडलं तरी, असं तिकीट काढून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तिकिटावरचे तास विमान जागेवरून हलल्यापासून ते पोचून जागेवर उभं राहीपर्यंतचे असतात. म्हणजे धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. प्रत्यक्ष हवेतला वेळ अर्धा-पाऊण तासाने कमी असतो. म्हणूनच उशिरा सुटलेलं विमान पुष्कळदा वेळेवर पोचतं.

४. बाबांच्या तिकिटावर निघायची वेळ रात्री १:३० आणि पोचायची त्याच दिवशी सकाळी ७:३० आहे. सहा तासांत अमेरिका कशी येईल? तिकीट चुकलंय का?

तिकीट बरोबर आहे. त्यावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते: निघायची मुंबईच्या घड्याळाने, पोचायची न्यूयॉर्कच्या. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, म्हणून घड्याळात दिसणाऱ्या सहा तासांत दोन्हीकडच्या वेळेतला फरक मिळवायचा. उन्हाळ्यात ६ अधिक साडेनऊ म्हणजे साडेपंधरा तास. हिवाळ्यात ६ अधिक साडेदहा म्हणजे साडेसोळा तास.

येताना उलट, म्हणजे फरक वजा करायचा. न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० ला पोचणारं विमान घड्याळात साडेतेवीस तासांचं दिसतं. साडेनऊ वजा केले की चौदा तास उरतात. पोचण्याच्या वेळेपुढे छोटासा '+१' छापलेला असतो, त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशीची तारीख. घ्यायला येणाऱ्या माणसाला तो आवर्जून दाखवा.

५. फरक साडेनऊ तासांचा की साडेदहा? दोन्ही ऐकलंय.

दोन्ही बरोबर, पण वर्षाच्या वेगवेगळ्या भागांत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर आहेत. या दोन तारखांच्या मधल्या काळात फरक साडेनऊ तासांचा, एरवी साडेदहा. आपल्याकडे घड्याळ वर्षभर हलत नाही.

तोंडी हिशेबाला सोपी रीत आहे. उन्हाळ्यात मुंबईच्या वेळेत अडीच तास मिळवा आणि सकाळची संध्याकाळ किंवा संध्याकाळची सकाळ करा. मुंबईत संध्याकाळचे ७ म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे ९:३०. हिवाळ्यात अडीचऐवजी दीड मिळवा: संध्याकाळचे ७ म्हणजे सकाळचे ८:३०. माझ्या आईने हे फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवलं आहे.

प्रवास नेमका घड्याळ बदलण्याच्या रविवारी असेल तर तिकिटावर बदललेली वेळच छापलेली असते. तुम्ही पुन्हा तास मिळवू किंवा वजा करू नका.

६. तिकीट १५ तारखेला रात्री १:३० चं आहे. म्हणजे १५ ला रात्री निघायचं ना?

नाही, १४ तारखेला रात्री! संपूर्ण पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. रात्री बारा वाजून गेले की तारीख बदलते. १५ तारखेचे १:३० म्हणजे १४ तारखेची रात्र उलटून गेल्यावरचा दीड वाजला. विमानतळावर १४ ला रात्री साडेनऊ-दहापर्यंत पोचायला हवं.

आमच्या नात्यातले एक काका-काकू सगळ्यांचा निरोप घेऊन, बॅगा बांधून १५ च्या रात्री थाटात विमानतळावर गेले. विमान सुटून वीस तास झाले होते. नवीन तिकिटांचे पैसे गेलेच, पण काकूंच्या चेहऱ्यावरचं ते ओशाळलेपण मला अजून आठवतं. आपल्या मनात रात्र एकच असते, झोपेपर्यंतची. घड्याळाच्या लेखी तिच्यात दोन तारखा असतात. म्हणून आई-बाबांना तारीख सांगू नका, वार आणि घर सोडायची वेळ सांगा: "मंगळवारी संध्याकाळी सात वाजता गाडी येईल." मी तसंच करते.

७. माझ्या वाढदिवसालाच विमानात आहे. तो दिवस खरंच मोठा होतो का?

होतो. मुंबईत मध्यरात्री सुरू झालेली तारीख न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीपर्यंत तुमच्याबरोबर राहते, म्हणजे उन्हाळ्यात साडेतेहतीस आणि हिवाळ्यात साडेचौतीस तासांचा दिवस मिळतो. परत येताना तेवढेच तास कापले जातात, त्यामुळे वाढदिवस साजरा करायचाच तर जातानाचा निवडा.

८. नकाशावर न्यूयॉर्क पश्चिमेला आहे. मग समोरच्या स्क्रीनवर विमान उत्तरेला, पार ग्रीनलँडकडे का जाताना दिसतं?

कारण भिंतीवरचा नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. सपाट करताना उत्तरेकडचे भाग ताणून रुंद काढावे लागतात, त्यामुळे तिथली अंतरं आहेत त्याहून मोठी दिसतात.

घरात जुना शाळेतला पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवून घट्ट ताणा. दोरा आपोआप वर सरकतो: मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँड-ग्रीनलँडचा परिसर आणि मग कॅनडावरून खाली. तो ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ जातो. मुंबई १९ अंशांवर आणि न्यूयॉर्क ४१ अंशांच्या जरा खाली आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे तो किती वर चढतो ते कळेल. मुंबईतून निघताना या रेषेची दिशा पश्चिम नसतेच, वायव्येहूनही अधिक उत्तरेकडे कललेली असते.

आणि सपाट नकाशावर पट्टीने आखलेल्या सरळ रेषेने, एकच दिशा धरून गेलो तर? ते अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतं. म्हणजे जी रेषा सरळ दिसते तीच साडेसोळाशे किलोमीटरने लांबची आहे. मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. दोरा जरूर ताणून बघा.

९. जाताना सोळा तास आणि येताना चौदा, असं का? पृथ्वी फिरते म्हणून का?

पृथ्वी फिरते म्हणून नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा केवळ त्यामुळे फरक पडत असता तर पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत आलं असतं आणि जातानाच वेळ कमी लागला असता. प्रत्यक्षात उलट घडतं. हवा पृथ्वीबरोबरच फिरत असते, आणि विमान त्या हवेत उडतं.

खरं कारण वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या अतिवेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीड-दोनशे किलोमीटर असणं नेहमीचं आहे, हिवाळ्यात त्याहूनही जास्त. विमानाचा हवेतला वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर. सबंध वाटेवर सरासरी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला तर साडेबारा हजार किलोमीटरला पंधरा तास लागतात. तेवढाच वारा पाठीमागून आला तर तेरा. हे झाले नुसते हवेतले तास. उड्डाणाआधीचा-नंतरचा वेळ त्यात धरला की प्रश्न ३ मधले आकडे येतात.

वारा काय करू शकतो याचं ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात.

१०. 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' एकच ना?

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. नॉनस्टॉप म्हणजे मधे कुठेही न उतरणारं. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण ते मधे उतरू शकतं. तिकीट काढताना 'स्टॉप्स: ०' लिहिलेलं आहे का ते पाहा. मधे नुसतं इंधन भरायला थांबणार असेल तर प्रवासी बहुधा जागेवरच बसून राहतात.

थोडा इतिहास: एअर इंडियाने १४ मे १९६० रोजी न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती बोइंग ७०७ विमानाने, लंडनमार्गे. तेव्हा एका दमात इतकं अंतर जाणारं प्रवासी विमान नव्हतंच. मुंबई-न्यूयॉर्क न थांबता जाणारी एअर इंडियाची सेवा आली २००७ मध्ये, बोइंग ७७७-२००एलआर या लांब पल्ल्याच्या विमानामुळे. मधल्या खंडानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. एवढी लांबची सेवा विमानांची उपलब्धता, इंधनाचा भाव आणि हवाई हद्दींवर अवलंबून असते, म्हणून ती आहे असं गृहीत धरू नका.

११. मधे थांबून गेलं तर अंतर किती वाढतं? दुबई तर केवढी वळसा घालून आहे!

उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. लंडनमार्गे गेलात तर मुंबई-लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५०, मिळून १२,७५०. म्हणजे थेट अंतरापेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त. फ्रँकफर्टमार्गेही जवळपास तेवढंच. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०२० म्हणजे १२,९५०, चारशेच किलोमीटर जास्त. दिल्लीमार्गेही १२,९०० च्या आसपास.

याचं कारण प्रश्न ८ मधल्या दोऱ्यात आहे. युरोप त्या दोऱ्याच्या अगदी जवळ आहे, आणि आखातातली शहरं प्रवासाच्या सुरुवातीलाच येतात, त्यामुळे दिशा फारशी बिघडत नाही. वेळ वाढतो तो अंतरामुळे नाही, तर उतरणं, थांबणं आणि पुन्हा उडणं यामुळे.

निवड करताना माझा विचार असा असतो. गुडघेदुखी असलेल्या, पायांना सूज येणाऱ्या माणसाला युरोपातला थांबा बरा, कारण प्रवासाचे दोन बऱ्यापैकी सारखे तुकडे पडतात. आखातातून गेलं तर पहिला तुकडा तीन तासांचा आणि दुसरा चौदा तासांचा. म्हणजे थकवणारा भाग तसाच राहतो. अबू धाबीचा एक फायदा मात्र मोठा आहे: अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच, विमानात बसण्याआधी होते. न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत विमानातून आल्यासारखं बाहेर पडता येतं. लंडन किंवा युरोपमार्गे जाताना भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत माहितीवरून तपासा. नियम बदलत असतात, आणि अमेरिकेचा वैध व्हिसा हातात असला की बरेचदा सूट असते.

१२. पूर्वी इतका वेळ लागत नव्हता. आता विमान लांबून का नेतात?

कारण आकाशालाही सीमा असतात. २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद ठेवली होती. २४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या हल्ल्यानंतरच्या तणावात, ती भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झाली आणि पुढे बंदीची मुदत वाढत गेली. भारतानेही पाकिस्तानी विमानांसाठी तेच केलं. दुसरीकडे, २०२२ पासून रशियाची हद्द अमेरिकी, ब्रिटिश आणि युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना बंद आहे, पण भारतीय कंपन्यांना खुली.

त्यामुळे एक विचित्र स्थिती तयार होते. त्याच दोन शहरांमधला सगळ्यात जवळचा रस्ता कोणता, हे विमान कोणत्या देशाचं आहे त्यावर ठरतं. भारतीय विमानाला पाकिस्तान टाळावा लागतो, अमेरिकी विमानाला रशिया. यात दिल्लीकरांचं जास्त नुकसान झालं. तिथून अमेरिका-कॅनडाला जाणारी एअर इंडियाची काही विमानं २०२५ मध्ये व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरवावी लागली. मुंबई समुद्रकाठी असल्यामुळे इथून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून ओमान-आखाताच्या बाजूला वळू शकतं, म्हणून वळसा त्यामानाने लहान पडतो.

आखातही नेहमी मोकळं असतंच असं नाही. २३ जून २०२५ रोजी कतारची हद्द काही तास बंद झाली आणि दोहाकडे निघालेली विमानं अर्ध्या वाटेतून दुसरीकडे वळवावी लागली. प्रवासाच्या आठवड्यात बातम्यांवर नजर ठेवा, आणि विमान कंपनीकडे आई-बाबांचा नाही, तर संदेश वाचून लगेच हालचाल करू शकेल अशा माणसाचा मोबाइल नंबर नोंदवा.

१३. मधल्या विमानतळावर किती वेळ ठेवावा?

तरुण, एकटा, हातातल्या सामानानिशी: दोन तास पुरतात. साठीच्या पुढचे, व्हीलचेअर मागितलेली असेल तर: कमीत कमी तीन तास, चार असतील तर उत्तम. व्हीलचेअर प्रवाशांना विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात, हे वेळ ठरवताना कोणी लक्षात घेत नाही. माझ्या सासूबाई दीड तासाच्या थांब्यात पुढच्या विमानाच्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा दार बंद झालं होतं. ती रात्र त्यांनी अनोळखी विमानतळावर खुर्चीत बसून काढली. तिकीट मी काढलं होतं. तेव्हापासून तीन तासांखालचा थांबा मी घेत नाही.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या. तसं असेल तर पुढचं विमान चुकल्यावर दुसऱ्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची राहते. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर ती तुमची.

न्यूयॉर्कहून पुढे अमेरिकेतच दुसऱ्या शहरात जायचं असेल तर बॅगा पुढपर्यंत टॅग केलेल्या असल्या तरी साधारणपणे पहिल्या विमानतळावर त्या उचलून कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. तिथेही तीन तास धरा.

१४. पुण्याहून थेट न्यूयॉर्क का नाही? आम्हाला मुंबईपर्यंतचा घाट का?

पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे आणि त्याची धावपट्टी सुमारे २,५३५ मीटरची आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची. बोइंग ७७७-३००ईआरसारख्या विमानात १ लाख ८० हजार लिटरहून जास्त इंधन मावतं, आणि न्यूयॉर्कला जाताना त्यातलं बरंचसं भरावं लागतं. एवढं वजन घेऊन उडायला लांब धावपट्टी लागते. त्यात लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंच. उंचीवर आणि उन्हाळ्यात हवा विरळ असते, त्यामुळे आणखी जास्त धावावं लागतं. पुणेकरांची मागणी रास्त आहे, पण अडचण इच्छेची नाही, धावपट्टीची आहे.

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. तो सांताक्रूझ-सहारच्या विमानतळापासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून आकाशातल्या अंतरात काही फरक पडत नाही. फरक पडेल तो पुणे, सातारा, कोल्हापूरकडून गाडीने येणाऱ्यांना. तुमच्या तिकिटावर दोन्हींपैकी कोणता विमानतळ छापला आहे, हे आता नीट वाचायला हवं.

१५. जेएफकेचं काढावं की नेवार्कचं?

नेवार्क हा न्यू जर्सीतला, न्यूयॉर्कला लागूनच असलेला विमानतळ. अंतर आणि वेळ जवळपास सारखीच. घर कुठे आहे ते बघा. एडिसन, जर्सी सिटी किंवा प्रिन्स्टनकडे राहत असाल तर नेवार्क, क्वीन्स किंवा लाँग आयलंडला असाल तर जेएफके. संध्याकाळच्या गर्दीत जेएफकेहून एडिसनला यायला मला अडीच तास लागले आहेत.

१६. घरून घरापर्यंत खरा वेळ किती धरायचा?

कोल्हापूर ते एडिसन, नॉनस्टॉप विमान, असा हिशेब मांडते. गाडीने मुंबई आठ तास, विमानतळावर आधी चार तास, विमानात सोळा, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान मिळून दोन, पुढे गाडीने दीड. झाले साडेएकतीस तास. यात विमानाचे तास निम्म्याच्या आसपास आहेत. म्हणून सत्तरीच्या माणसाला रात्री दीडच्या विमानासाठी त्याच दिवशी सकाळी कोल्हापूर सोडायला लावू नका. आदल्या दिवशी मुंबईत किंवा ठाण्यात कोणाकडे तरी मुक्काम करू द्या.

१७. विमानाला दोनच इंजिनं असतात. समुद्राच्या मधोमध एक बंद पडलं तर?

एका इंजिनावर विमान तासन्‌तास उडू शकतं, आणि तशी चाचणी झाल्याशिवाय त्याला अशा मार्गावर सोडत नाहीत. मार्ग असा आखतात की एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक मिनिटांच्या आत कुठला तरी विमानतळ गाठता येईल. ही मर्यादा १९५० च्या दशकात ६० मिनिटांची होती, १९८० च्या दशकात १२० आणि मग १८० मिनिटांची झाली, आणि काही विमानांना आता त्याहूनही जास्त मुभा आहे.

६ जून २०२३ रोजी दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या एका इंजिनात बिघाड दिसला, तेव्हा ते रशियातल्या मगदानला सुखरूप उतरलं. प्रवाशांना तिथे गैरसोय सोसावी लागली, दुसरं विमान यावं लागलं, पण कोणाला इजा झाली नाही. भीती वाटणं साहजिक आहे. आईला हे समजावताना मी मिनिटांचा नियम सांगते, नुसतं "काही होत नाही" म्हणत नाही.

१८. इतके तास बसून तब्येतीला त्रास होतो का? गोळ्या कोणत्या वेळेने घ्यायच्या?

विमानात हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. जुन्या धाटणीच्या विमानात तो साधारण २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा, बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० या नव्या विमानांत सुमारे १,८०० मीटरवरचा. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे सगळा प्रवास कळसूबाईच्या माथ्याहून उंच बसून करतो आहोत असं समजा. हवा अतिशय कोरडी असते, म्हणून पाणी थोडं-थोडं पण सतत प्यायचं. बाथरूमला उठावं लागेल म्हणून पाणी टाळू नका. ते उठणंच पायांसाठी औषध आहे. फार वेळ न हलता बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी गुठळी झालेली असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा.

मधुमेहाच्या, विशेषतः इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, कारण जातानाचा दिवस दहा तासांनी लांबतो (प्रश्न ७) आणि नेहमीचं गणित चुकतं. विमानात असेपर्यंत मनगटावरचं घड्याळ मुंबईच्या वेळेवरच ठेवलं की गोंधळ कमी होतो. सगळी औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

१९. आईने विचारलंय: संकष्टीला प्रवास आहे, चंद्रोदय कुठला धरायचा?

चंद्रोदय तुम्ही जिथे असाल तिथला. मुंबईत संकष्टीचा चंद्र बहुधा रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो, आणि अमेरिकेची विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर. म्हणजे घरून किंवा विमानतळावर उपास सोडून निघता येतं. दुपारी न्यूयॉर्कहून निघणाऱ्या विमानात मात्र पूर्वेला जाताना संध्याकाळ लवकर येते आणि चंद्र कधी उगवला ते कळत नाही. अशा दिवशी माझ्या आईने विमानातल्या पहिल्या जेवणाच्या वेळी गणपतीचं स्मरण करून दोन घास खाल्ले. गोळ्या घेणाऱ्या माणसाने सोळा तास उपाशी राहू नये.

न्यूयॉर्कला पोचल्यावर घरची दिनदर्शिका जशीच्या तशी चालत नाही. तिथी बदलण्याचा क्षण जगभर एकच असला तरी तिथे तो साडेनऊ-दहा तास आधीच्या घड्याळात येतो. त्यामुळे संकष्टी किंवा एकादशी कधीकधी एक दिवस आधी पडते. तिथल्या शहराचं पंचांग वापरा.

२०. सॅन फ्रान्सिस्कोला जायचं असेल तर हेच सगळं लागू आहे का?

तत्त्व तेच, आकडे वेगळे. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को कमीत कमी अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर, आणि वेळेतला फरक उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात साडेतेरा तास. सॅन फ्रान्सिस्को जवळपास पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असल्यामुळे सगळ्यात जवळची रेषा मुंबईतून जवळजवळ सरळ उत्तरेला निघते आणि ७७ अंशांच्या आसपास, म्हणजे उत्तर ध्रुवाच्या बऱ्याच जवळ जाते. इथे पूर्वेने जायचं की पश्चिमेने, असा खराखुरा पर्याय असतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, पण वेळ कमी होऊन साडेचौदा तासांवर आला, कारण सगळी वाट वारा पाठीशी. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, ही गोष्ट विमानप्रवासात अगदी खरी आहे.

२१. मोबाइलवर विमान बघत होतो. ग्रीनलँडजवळ ते एकदम गायब झालं. घाबरायचं का?

नाही. अशी ॲप्स मुख्यतः जमिनीवर बसवलेल्या रिसीव्हरवर चालतात. विमान आपली जागा रेडिओ संदेशाने सतत कळवत असतं, पण समुद्राच्या मधोमध किंवा बर्फाळ ओसाड प्रदेशात तो संदेश पकडायला खाली कोणी नसतं. मग ॲप एकतर विमान दाखवणं थांबवतं किंवा अंदाजाने पुढे सरकवतं. कॅनडाच्या किनाऱ्याजवळ आलं की ते पुन्हा दिसू लागतं, कधीकधी अचानक तीनशे किलोमीटर उडी मारल्यासारखं. वैमानिकांचा नियंत्रण कक्षाशी संपर्क वेगळ्या मार्गाने, उपग्रहाने आणि लांब पल्ल्याच्या रेडिओने चालूच असतो.

ॲपवर डोळे लावून रात्र जागवण्यापेक्षा जेएफकेच्या किंवा नेवार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर आगमनाची वेळ पाहा. ती वेळ झाली की लगेच फोनची वाट पाहू नका. विमानातून बाहेर, इमिग्रेशनची रांग, सामान, आणि मग विमानतळाचं वायफाय जोडता येईपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. आईला मी भारतातून निघण्याआधीच माझा नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवायला सांगते आणि आगमनाच्या दारासमोर तासभर आधी जाऊन उभी राहते.